येवल्याचं रेशीम, दिंडोरीची थंडी

फेब्रुवारी लागला की आमच्या प्रयोगशाळेच्या जिन्यात द्राक्षांचा वास भरून राहतो. खायच्या द्राक्षांचा गोड वास नव्हे. दमट खोकी, हिरवे देठ, बर्फाच्या पाण्यात भिजलेला कागद आणि या सगळ्याच्या मागे औषधाची एक बारीकशी तुरट रेघ. परदेशी जाणाऱ्या द्राक्षांचे नमुने दिंडोरीपासून निफाडपर्यंतच्या बागांमधून आमच्याकडे येतात. पिशवीला सील असतं, सीलवर क्रमांक असतो. फवारलेल्या औषधाचा अंश त्या घडांत किती उरलाय, ते शोधायचं. बावीस वर्षं मी हेच करते आहे.

बागाईतदार दारातच सांगतात, "ताई, त्या औषधाचा थेंब मारलेला नाय बघा." मी मान हलवते, चहा विचारते, आणि नमुना आत घेते. संध्याकाळी यंत्राचा कागद वेगळंच काहीतरी सांगतो. दर वेळी लबाडी असते असं नाही. कधी शेजारच्या बागेतून वाऱ्यानं आलेलं असतं, कधी दुकानदारानं बाटलीच दुसरी दिलेली असते. पण माणसाचं बोलणं ऐकून ते बाजूला ठेवायचं आणि नमुन्याची वाट पाहायची, ही सवय अंगात मुरली ती मुरलीच. घरी दूध आलं की मी ते बोटावर घेऊन पाहते. भाजीवाल्यानं "आजचीच आहे" म्हटलं की मेथीची जुडी उलटी करून देठ बघते. आमचे हे म्हणतात, तू लग्नात अंतरपाट धरला तेव्हासुद्धा पलीकडे मीच आहे ना ते वाकून पाहिलं होतंस. तसं मी पाहिलं नव्हतं. पण पाहिलं असतं तर नवल नव्हतं.

काल शीतगृहातून थेट आलेली एक पिशवी उघडली. घड इतके गार होते की बोटांची टोकं बधिर झाली. मी हात काखेत धरून उभी राहिले, आणि चार वर्षांपूर्वीचा तो हंगाम एकदम समोर आला. मंगलताई, त्यांचे लोकरी हातमोजे, आणि स्लीपिंग बॅगेच्या आत घालायचं एक अस्तर.

मंगलताई माझ्या थोरल्या जाऊबाई. दिंडोरी रस्त्यावरच्या गावात त्यांची फुलशेती आहे. गुलाब, शेवंती, दसऱ्याला झेंडू. पहाटे फुलं खुडायची आणि उजाडायच्या आत टोपल्या नाशिकच्या बाजारात धाडायच्या, असं त्यांचं तीस वर्षांचं आयुष्य. मी शहरात, त्या गावात. सणावाराला भेटायचो, एकमेकींच्या ताटात आग्रहानं वाढायचो, आणि तेवढंच. आमच्यात एकही भांडण झालेलं नव्हतं. भांडणासाठी जितकं जवळ यावं लागतं तितकं आम्ही आलोच नव्हतो.

मी रविवारी डोंगर चढते हे त्यांना माहीत होतं. एकदा आमचा गट रामशेजला निघाला होता. किल्ला त्यांच्या गावापासून जवळच, म्हणून त्या सहज आल्या. साडीचा काष्टा, पायात रबरी चप्पल. पायथ्यापासून माथ्यापर्यंत त्यांनी एकदाही दम खाल्ला नाही. वर पोचल्यावर मी म्हटलं, मे महिन्यात आम्ही हिमालयात जातोय, बारा-तेरा हजार फुटांवर, तंबूत राहायचं. त्या म्हणाल्या, "मी येऊ का?"

"थंडी फार असते, ताई."

"असू दे की. बर्फ कसा असतो ते बघायचंय मला. हातात घेऊन."

मी 'या की' म्हटलं. म्हणताना मनात पहिला विचार आला तो असा, की या ऐन वेळी माघार घेणार.

तेव्हापासून मी खुणा गोळा करायला लागले. सहल नेणाऱ्या मंडळींनी आरोग्याचा एक फॉर्म पाठवला होता, डॉक्टरांची सही आणून द्यायचा. माझ्या फॉर्मला आठवडा लागला. मंगलताईंचा दुसऱ्या दिवशी आला, सगळ्या रकान्यांत एकाच पेनानं 'नाही, नाही, नाही'. फेब्रुवारीच्या दुपारीसुद्धा त्यांच्या हातांत लोकरी मोजे. "फुलांचे काटे लागतात," म्हणाल्या. काट्यांना लोकरी मोजे? भांडी घासायला कोमट पाणी. बोलता बोलता हात पदराखाली. या सगळ्याचा अर्थ मी एकच लावला होता: या मनातून येणारच नाहीत, निमित्त शोधतायत. संशयी माणसाची नजर तीक्ष्ण असते असं लोकांना वाटतं. माझा अनुभव असा की नजरेला दिसतं बरोबर, पण त्याचा अर्थ मात्र आधीच ठरलेला असतो.

लायनरचं प्रकरण याच सुमारास सुरू झालं. वरच्या मुक्कामावर स्लीपिंग बॅग त्या मंडळींच्याच असणार होत्या. म्हणजे आपल्या आधी त्यात कितीजण झोपून गेलेले, कोण जाणे. त्यासाठी आत घालायला लायनर न्यावं, असं यादीत लिहिलं होतं. लायनर म्हणजे साधी गोष्ट, दोन बाजूंनी शिवलेली लांबट पिशवी. आपण तिच्यात शिरायचं आणि तिच्यासकट बॅगेत. अंगाचा घाम आणि मळ बॅगेला लागत नाही आणि थोडी ऊबही वाढते. किती वाढते, इथं माझं डोकं फिरलं.

कॉलेज रोडवरच्या दुकानात एक जाडसर, लोकरीसारख्या फ्लीस कापडाचं लायनर होतं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, हे घातलं की बर्फावर झोपा." मी विचारलं, "तुम्ही झोपलाय?" तो हसला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. ते लायनर उशीएवढं मोठं होतं. पाठीवर वाहून नेणार कोण? सुती हलकं नव्हतं, आणि एकदा घामानं ओलं झालं की त्या हवेत वाळणार नाही हे उघड होतं. मग एक ऑनलाइन मागवलं. मुठीत मावेल एवढं, मऊ, चकचकीत. वेष्टनावर लिहिलेलं: शंभर टक्के रेशीम, आठ डिग्री जादा ऊब.

आठ डिग्री! एवढ्याशा कापडानं? मी ते गालाला लावून पाहिलं, उजेडात धरलं, हातात चुरगाळलं. फॉर्मवर 'नाही' लिहिणाऱ्या पेनावर माझा जेवढा विश्वास होता, तेवढाच या वेष्टनावर बसला.

मंगलताईंना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, "येवल्याला चल. माझं माहेर तिकडंच. रफिकभाईंना दाखवू, ते हात लावून सांगतात."

रफिकभाईंच्या घरात दोन हातमाग आणि पुढच्या खोलीत रेशमाचा व्यापार. माग चालू होता. एक बाई पैठणीचा पदर विणत होत्या, आणि धोट्याचा खटखट आवाज भिंतीतून येत होता. रफिकभाईंनी मंगलताईंना ओळखलं, त्यांच्या वडिलांची चौकशी केली, पाणी आणवलं. मग माझं लायनर हातात घेतलं. बोटांत चोळलं. कडेचा एक धागा ओढून काढला आणि काडी पेटवून त्याला लावली. धागा आक्रसला, वितळला, टोकाला काळा कडक मणी झाला. खोलीत प्लास्टिक जळाल्याचा वास पसरला.

"ताई, हे रेशीम नाय," ते म्हणाले. "वाईट नाय, पण रेशीम नाय."

मग त्यांनी एक साधं, बिनजरीचं, फिकट पिवळं कापड काढलं. "अस्तराला नेतात लोक. असली माल. हलका हे, उबदार हे."

मंगलताईंनी मान डोलावली. मी म्हटलं, "याचाही धागा जाळून दाखवाल?"

माग चालवणाऱ्या बाईंचा हात थांबला. मंगलताईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग खाली. रफिकभाई मात्र हसले. "दाखवतो की. जाळायलाच पायजे." त्यांनी धागा ओढला, पेटवला. केस जळल्याचा वास आला आणि बोटांत राख भुरभुरली. "झालं समाधान?"

झालं होतं. पण बाहेर आल्यावर मंगलताई म्हणाल्या, "माझ्या बापाच्या काळापासूनची ओळख हाय, ज्योती. त्यांनी मनाला लावून नाय घेतलं. मी घेतलं."

मी म्हटलं, "त्यात वाईट काय वाटायचं? खात्री केली एवढंच."

परतीच्या बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या होत्या. बाहेर कांद्याची काढणी चालली होती, बाया ओळीनं वाकलेल्या, पातीचे ढीग. त्या तासभर तेच पाहत राहिल्या. चार दिवसांनी त्याच पिवळ्या कापडाची दोन लायनर शिवून तयार होती. दुहेरी शिलाई, टोकाशी पाय मोकळे राहतील एवढी रुंदी, गळ्याशी नाडी. मी ती उलटी करून शिवण तपासली. एक टाकाही सुटलेला नव्हता.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण ते आठ डिग्रीचं मनातून जाईना. रेशीम खरं निघालं, ऊब किती ते कुठं कळलं? रेशीम पुरेल की फ्लीसही लागेल? मला मोजून पाहायचं होतं. आणि मोजायला थंडी लागते; नाशिकला मार्चमध्ये ती कुठून आणायची?

दिंडोरीला आमच्या ओळखीचं एक पॅकहाऊस आहे. बागेतून आलेली द्राक्षं निवडून, खोक्यांत भरून ती शून्याच्या आसपासच्या खोलीत ठेवतात आणि मग बंदराकडे रवाना करतात. तिथल्या सुपरवायझर सुरेखा मॅडम माझ्या ओळखीच्या. त्यांना विचारलं, तर आधी त्यांना थट्टाच वाटली. "द्राक्षांच्या खोलीत झोपणार तुम्ही?" मग म्हणाल्या, एक खोली गुरुवारी दुपारी रिकामी असते, तासाभराकरता घ्या, पण मी दारात उभी राहणार.

बाहेर रणरणतं ऊन होतं. पॅकहाऊसच्या आवारात ट्रॅक्टर उभे, बाया डोक्याला रुमाल बांधून घड कातरत होत्या. आम्ही भाड्यानं आणलेल्या दोन स्लीपिंग बॅगा, रेशमी लायनर, उसनं आणलेलं फ्लीसचं लायनर आणि प्रयोगशाळेतले दोन तापमापक घेऊन आत गेलो. सुरेखा मॅडमनी लाकडी फळ्या अंथरून दिल्या. दार बंद झालं आणि उन्हाळा बाहेर राहिला. आत पांढरा उजेड, पंख्याची घरघर, आणि द्राक्षांचा तो गार, हिरवा वास.

मी रेशमात, मंगलताई फ्लीसमध्ये. अर्ध्या तासानं अदलाबदल करायची असं ठरलं होतं. दर पाच मिनिटांनी मी माझ्या तापमापकाचा आकडा वहीत लिहायचा आणि त्यांनी त्यांचा. सुरुवातीला हसू येत होतं. दोन बायका, वयं पन्नाशीच्या आसपास, द्राक्षांच्या थंडीत पाय आखडून पडलेल्या. मंगलताई म्हणाल्या, "गावात कळलं तर मला वेड्याच्या इस्पितळात टाकतील."

पंधराव्या मिनिटाला मी म्हटलं, "ताई, आकडा सांगा."

"तूच बघ."

"तुमच्याजवळ आहे तो. लिहा ना तुम्हीच."

त्यांनी हात बाहेर काढायला वेळ लावला. मोजे नव्हते; मीच काढायला लावले होते, मोजे घातले तर मोजणी चुकेल म्हणून. त्यांनी पेन घेतलं आणि ते बोटांतून निसटलं. पुन्हा घेतलं, पुन्हा पडलं. मी उठून बसले आणि त्यांचा हात पाहिला. चार बोटं मधल्या पेरापासून टोकापर्यंत पांढरी होती. गोरी किंवा फिकट नव्हेत, मेणबत्तीसारखी पांढरी, जणू त्यांत रक्त कधी नव्हतंच. आणि पांढरं कुठं संपतं ती रेघ स्पष्ट दिसत होती.

"हे काय आहे?"

"काय नाय. थंडीनं होतं."

"कधीपासून?"

त्यांनी हात आत ओढून घेतला. मी सुरेखा मॅडमना हाक मारली, दार उघडायला लावलं.

बाहेर उन्हात गाडीचं दार उघडून आम्ही बसलो. सुरेखा मॅडमनी कोमट पाण्याचं भांडं आणून दिलं आणि समजून आत निघून गेल्या. मंगलताईंची बोटं पाण्यात पांढऱ्याची निळी झाली, मग लाल. लाल होताना दुखत असावीत; त्यांनी ओठ घट्ट मिटले होते. मी म्हणाले ते आजही आठवतं, कारण त्या क्षणी दुसरं काहीतरी म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "तुम्ही फॉर्मवर खोटं लिहिलंत."

"लिहिलं."

"का?"

"खरं लिहिलं असतं तर नेलं असतंस मला?"

मी बोट बुडवून पाणी अजून कोमट आहे ना ते पाहिलं.

"आठ-दहा वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "हिवाळ्यात पहाटे फुलं खुडताना होतं. दव लय गार असतं. घरात कुणाला सांगितलं नाय. सांगितलं की मग फुलं कोण खुडणार, यावरच बोलणं होणार." मग त्या म्हणाल्या, "पण तू मला इथं कशाला आणलंस ते मला समजलंय."

"लायनर तपासायला आणलं, ताई."

"लायनर नाय. मला तपासायला आणलंस. तुला आधीपासनं वाटत होतं, हिच्यात कायतरी खोट हाय. आत्या आजारी होत्या तवा बी अशीच आली होतीस."

आत्या म्हणजे आमच्या सासूबाई; त्यांचं ते शेवटचं वर्ष. त्या अंथरुणाला खिळलेल्या, मंगलताईंच्या घरी. फोनवर एकदा रडल्या, 'मला धड जेवायला मिळत नाही' म्हणाल्या. त्या वयात आणि त्या दुखण्यात माणूस असं बोलतं हे मला कळायला हवं होतं. मी एका दुपारी न कळवता गेले होते. घरात कुणी नाही असं वाटून स्वयंपाकघरात शिरले होते.

"मी मागच्या दाराशी उभी होते," मंगलताई म्हणाल्या. "धुणं वाळत घालत होते. तू पातेल्यांवरची झाकणं उचलून पाहिलीस. मग खोलीत जाऊन गोळ्यांची पाकिटं मोजलीस. मी तशीच मागं फिरले, विहिरीकडं गेले. परत आले तवा तू आत्यांजवळ बसली होतीस. म्हटलीस, 'आत्ताच आले, ताई.'"

बारा वर्षं त्यांनी हे आत ठेवलं होतं. मी प्रत्येक दिवाळीत त्यांच्या हातचं खाल्लं, आणि त्यांनी प्रत्येक दिवाळीत मला वाढलं.

"अकरा महिने केलं मी त्यांचं," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त ऐकवत नव्हता. "अंघोळ, जेवण, हगणं-मुतणं. तुला एकदा बी वाटलं नाय, विचारावं, ताई, दमलात का."

पातेल्यात त्या दिवशी मुगाची मऊ खिचडी होती. वर तूप होतं. गोळ्या मी दोनदा मोजल्या होत्या आणि दोन्ही वेळा हिशेब तंतोतंत जुळला होता. हे मी कुणालाच कधी सांगितलं नाही, ह्यांनाही नाही. माझ्या नोकरीत नमुना निर्दोष निघाला तर तसं लिहून, सही करून द्यावं लागतं. दोष सापडला तरच कागद द्यायचा, असा नियम नाही. त्या घरातून मात्र मी कागद न देताच निघून आले होते.

"सगळं बरोबर होतं, ताई," मी म्हटलं. "खिचडी चांगली होती. गोळ्याही बरोबर होत्या."

"मला ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "मीच दिल्या होत्या ना."

त्या हात पुसत होत्या. एकेक बोट, पदरानं. मी माफी मागितली की नाही, मला नीट आठवत नाही. मागितली असेल तर ती त्या उन्हात, ट्रॅक्टरच्या आवाजात कुठंतरी विरून गेली. आठवतं ते एवढंच, की मी भांड्यातलं पाणी ओतून आले आणि त्यांच्या हातात त्यांचे मोजे दिले.

पुढच्या आठवड्यात आम्ही नाशिकला डॉक्टरांकडे गेलो. या वेळी मंगलताईंनी काही लपवलं नाही. डॉक्टरांनी बोटं पाहिली, रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. म्हणाले, थंडीनं बोटांतल्या रक्तवाहिन्या आखडतात, बऱ्याच जणांना असतं, सांभाळून राहिलं तर आयुष्य नीट जातं. पण इतक्या उंचीवर, तंबूत, बर्फात, नको. पहाटेची फुलं खुडणंही हिवाळ्यात बंद करा. मंगलताईंनी विचारलं, "नुसता बर्फ हातात घेऊन बघितला तर?" डॉक्टर हसले आणि म्हणाले, "बोटं शाबूत ठेवायची असतील तर तेवढंसुद्धा नको."

जिना उतरताना त्या म्हणाल्या, "तू जा. पैसे भरलेत, तयारी झालीय. शिवलंय ते वापर."

त्या हे मनापासून म्हणत होत्या की मीही मागं राहावं म्हणून? मी त्यांचा चेहरा पाहत राहिले. एवढं होऊनही माझं मन तेच करत होतं. लाज वाटली, आणि लाज वाटत असतानाही पाहणं थांबलं नाही.

वहीतल्या आकड्यांचं नंतर गणित मांडलं. प्रयोग अर्धवट राहिला होता, पण जेवढं हाती होतं त्यावरून रेशमी लायनरनं दोन-अडीच डिग्रीची भर घातली होती. आठ नक्कीच नाही. फ्लीस थोडं पुढे होतं, पण वजनाच्या मानानं नाही. माझी निवड ठरली. रेशीम घ्यावं, खरं असेल तर घ्यावं, आणि उबेसाठी मुख्य भरवसा बॅगेवरच ठेवावा. कुणी विचारलं तर आजही मी हेच सांगते.

मेमध्ये मी गेले. देवदारांचं जंगल संपून गवताळ उतार लागले, मग बर्फाचे पट्टे. वरच्या मुक्कामाच्या बॅगांना माझ्या अपेक्षेप्रमाणेच घामाचा आणि धुराचा वास होता, पण पिवळ्या रेशमात शिरलं की तो वास बाहेर राहायचा. तिसऱ्या मुक्कामावर माझं डोकं दुखायला लागलं. कपाळाच्या मागे, एकसारखं. जेवण जाईना.

आमच्या गटाची प्रमुख तिकडचीच एक तरुण पहाडी मुलगी होती. रोज संध्याकाळी ती प्रत्येकाच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावायची आणि विचारायची, "सिरदर्द? उल्टी? चक्कर?" आकडा कमी आला किंवा 'हो' म्हटलं, की दुसऱ्या दिवशी खाली परत.

पहिल्या संध्याकाळी मी 'नाही' म्हटलं. दुसऱ्या संध्याकाळी माझी पाळी येण्याआधी मी तंबूमागे जाऊन हात जोरजोरात चोळले, बोटं गरम केली, आणि दहा-बारा खोल श्वास घेतले. आकडा ठीक आला. "सिरदर्द?" "नहीं." "पक्का?" "पक्का." अठरा वर्षं लोकांचे नमुने पाहून मला एवढं कळत होतं, की यंत्राला कसं फसवायचं.

सकाळी बुटाची नाडी बांधायला वाकले आणि दगडाआड जाऊन ओकले. कुणी पाहिलं नव्हतं. शिखराचा दिवस उद्याचा होता. मी तोंड धुतलं आणि उभी राहिले. समोर बर्फावर ऊन पडलेलं. सगळ्या रकान्यांत एकाच पेनानं 'नाही' लिहिताना मंगलताईंना काय वाटलं असेल, ते मला त्या दगडाआड पहिल्यांदा कळलं. त्यात लबाडी फार थोडी असते. आपल्याला मागे ठेवतील ही भीतीच जास्त असते, आणि ती अंगावर येते तेव्हा माणूस समोरच्याच्या डोळ्यांत सरळ पाहून बोलतो.

पण त्यांच्या खोट्यानं बोटं गेली असती ती त्यांचीच. आणि इथं मी पडले असते तर मला खाली वाहून नेताना आणखी चार माणसं त्या उतारावर धोक्यात आली असती.

मी त्या मुलीकडे गेले. म्हटलं, दोन दिवस डोकं दुखतंय, आज उलटी झाली, काल मी खोटं बोलले. ती रागावली नाही. माझ्या खांद्याला धरून तिनं मला बसवलं, पाणी दिलं, आणि एका मदतनिसाबरोबर खाली पाठवलं. तीन-चार तास उतरल्यावर डोकं हळूहळू हलकं झालं. दुपारी पायथ्याच्या गावात पोचले तेव्हा भूक लागली होती. ज्या घरी उतरले त्या बाईंनी राजमा-भात वाढला. मी दोनदा मागून घेतला.

तिथं फोनला रेंज होती. घरी कळवलं, मग मंगलताईंना लावला. त्या मळ्यात होत्या. मागे पाण्याच्या मोटारीचा आवाज येत होता.

"पोचलीस का वर?"

"नाही, ताई. मधूनच उतरले. डोकं दुखत होतं. दोन दिवस लपवलं, मग सांगून टाकलं."

त्यांनी कुणाला तरी पाणी पुढच्या सरीत सोडायला सांगितलं.

"ज्योती," त्या म्हणाल्या, "खरं सांग. माझ्यासाठी उतरलीस ना? मला जाता आलं नाय म्हणून?"

"नाही हो. खरंच डोकं दुखत होतं."

"आता तर ठणठणीत बोलतेयस."

"खाली आलं की थांबतं ते. तसंच असतं."

"असं कसं असतं?"

मी काय दाखवणार होते? उलटी कुणी पाहिली नव्हती. बोटावरचा आकडा चांगला आला होता, मीच तो चांगला आणला होता. माझ्याजवळ त्यांना द्यायला एकही कागद नव्हता, सील नव्हतं, साक्षीदार नव्हता. मी उन्हात एका दगडी ओट्यावर बसले होते आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं नुसतं बोलणं ऐकून ठरवणार होतं.

"ताई, खरंच दुखत होतं," मी पुन्हा म्हटलं.

बराच वेळ नुसता मोटारीचा आवाज येत राहिला, आणि सरीतून वाहणाऱ्या पाण्याचा. मग त्या म्हणाल्या,

"बरं. तू म्हणतेस म्हणून."